मी म्हणालो, मिश्री आहे

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. ज्या दोघींना सांगायला हवं होतं, त्या दोघींनाही नाही. आज लिहायला बसलोय ते धीर आला म्हणून नव्हे. लोक माझं कौतुक करायला लागलेत आणि ते मला ऐकवत नाही, म्हणून.

कौतुक कशाचं? तर मी सिगारेट सोडली याचं. कराडजवळच्या मलकापुरात माझं औषधाचं दुकान आहे. हल्ली कुणी गिऱ्हाईक खोकल्याचं औषध मागताना खिशातली तंबाखूची पुडी लपवायला लागलं, की शेजारचा झेरॉक्सवाला मुद्दाम मोठ्यानं सांगतो, "ह्यांना विचारा की. सोळा वर्षं ओढत होते, सोडली!" मग मी त्या माणसाला बसवतो, पाणी देतो, कसं सोडायचं ते सांगतो. मनापासून सांगतो. त्यात खोटं काही नाही.

तुम्हाला वाटेल, ही कबुली सिगारेटची आहे. नाही. सिगारेटची कबुली मी केव्हाच देऊन बसलोय. ती सोपी निघाली. इतकी सोपी, की तिच्या आड दुसरी एक गोष्ट झाकून ठेवता आली — आणि मी ती ठेवली.

आधी घरचं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

आमचं गाव जतच्या पूर्वेला, कर्नाटकाच्या हद्दीपासून फार लांब नाही. मेंढरं राखणारं घर. पावसाळा सरला की कळप घेऊन निघायचं, उसाच्या पट्ट्यात रानोरान बसायचं आणि उन्हाळा संपता संपता परत यायचं. वडील मी दहावीत असताना गेले. थोरल्या भावानं, आप्पानं, शाळा सोडली आणि तो कळपामागं गेला, म्हणून मी शाळेत राहू शकलो. ही गोष्ट मी कधी विसरलेलो नाही. पुढं सांगलीत वसतिगृहात राहून बी. फार्म. झालो, तेव्हा घराण्यातला पहिला पदवीधर म्हणून गावानं चौकात माझा फोटो लावला. आई त्या फोटोखाली उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "आमचा बिरा डाक्टर झाला." मी डॉक्टर नाही, औषधं ओळखणारा माणूस आहे, असं तिला कितीदा सांगितलं. ती म्हणायची, "मग त्येच की. डाक्टरला तर कुठं वळकाय येत्यात? त्यो नुसता लिवून देतोय."

हे वाक्य लक्षात ठेवा असं मी म्हणणार नाही. पण माझ्या शिक्षणावर तिचा विश्वास कसा होता, तो असा होता.

सिगारेट वसतिगृहातच लागली. पहिल्या वर्षी खोलीतला एक मुलगा हसत म्हणाला होता, "तुझ्या पिशवीला मेंढरांचा वास येतो रे." वाईट मनाचा नव्हता तो. पण त्या दिवसापासून मला माझ्या अंगाला सारखा लोकरीचा वास यायला लागला. सिगारेट ओढणाऱ्या मुलांच्या अंगाला एकच वास असायचा — कुणाचं घर शेताचं, कुणाचं दुकानाचं, काही कळायचं नाही. मी त्यांच्यात उभा राहायला लागलो. कारण सांगतोय, सबब नाही. लोकरीच्या वासाची लाज वाटली, हेही काही भूषणाचं नाही.

पुढं दुकान काढलं, लग्न झालं. वैशाली आष्ट्याची, इथं एका पतसंस्थेत नोकरीला आहे. लग्नाआधी तिनं एकच गोष्ट विचारली होती — व्यसन काही? मी नाही म्हणालो. तिथून लपवणं सुरू झालं आणि त्यात मी तरबेज झालो. दुकानामागं जनरेटरची खोली आहे, तिच्या भिंतीला टेकून ओढायची. मग हात साबणानं धुवायचे, तोंडात लवंग टाकायची. दुकानात दिवसभर औषधांचा वास असतो, तो सगळं झाकतो, असं मला वाटायचं. ओढणाऱ्या प्रत्येकालाच असं काहीतरी वाटत असतं.

आर्वी झाली तेव्हा आई गावाहून आमच्याकडं राहायला आली. आणि तिच्याबरोबर तिची मिश्री आली.

आमच्याकडच्या बायका मिश्री लावतात. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची, आणि ती पूड बोटानं दातांना घासत बसायचं. सकाळी एकदा, मग दुपारी, मग दिवसभर केव्हाही. आईनं लहानपणापासून लावलेली. पहिल्या आठवड्यात तिनं आमच्या गॅसवर तवा ठेवला आणि तंबाखूचा तो झोंबरा वास जिन्यातून वर गेला. वरच्या मजल्यावरच्या काकू शिंकत खाली आल्या. म्हणाल्या, "आजी, तुमच्या तव्यानं आमचा टीव्हीसुद्धा शिंकायला लागला!"

आई जागची हलली नाही. "मग त्येला सर्दी झाली असंल. काढा दिऊ का?"

दोघी हसल्या. पुढं त्या काकूच आईच्या इमारतीतल्या पहिल्या मैत्रीण झाल्या.

आर्वी दीड वर्षाची असताना तिची छाती वाजायला लागली. बाळदमा. रात्री-अपरात्री तिला मशीननं वाफ द्यावी लागायची. डॉक्टरांनी घरात कोण कोण आहे, काय काय करतं, सगळं विचारलं. वैशालीनं मिश्रीचं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, घरात तंबाखू भाजणं बंद. तंबाखूचा धूर ज्याच्या अंगाला, कपड्यांना असेल, त्यानं बाळाला जवळ घ्यायचं नाही.

मी तिथंच बसलो होतो. कपड्यांना, हे मी ऐकलं. औषधाची चिठ्ठी घडी घालून खिशात ठेवली — सिगारेटच्या पाकिटाशेजारी.

घरी येऊन आईला मी समजावलं. समजावलं म्हणजे काय, व्याख्यान दिलं. निकोटिन काय करतं, धूर कुठं कुठं चिकटतो, लहान फुप्फुसं किती नाजूक असतात. सगळं अचूक सांगितलं. माझ्या तोंडात त्या वेळी लवंग होती. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजी माझ्यामुळं पोरगी दमतीया?" मी म्हणालो, तसं नाही, पण थोडंफार तसंच.

दुसऱ्या दिवशी तिनं सोडली.

मी औषधवाला आहे. जन्मभराची तंबाखू एका दिवसात सोडणं म्हणजे काय, हे मला पुस्तकातून माहीत होतं आणि अंगानंही — मी स्वतः दोनदा सोडायला बघितलं होतं आणि दोन्ही वेळा संध्याकाळच्या आत हरलो होतो. आईचं डोकं दुखायचं. एकच पातेलं ती चार-चारदा घासायची. पोट साफ होईना, तर मी तिला इसबगोल आणून दिलं. माझ्या दुकानात त्याच फळीच्या वर निकोटिनचे गम होते, व्यसन सोडताना चघळायचे. ते तिला द्यावेत हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही. का आलं नाही? ते कॉलेजात शिकलेल्या, पँट-शर्टातल्या माणसांसाठी असतात, असंच माझ्या डोक्यात होतं. लुगड्यातल्या, मिश्री लावणाऱ्या बाईसाठी इसबगोल. यावर मी नंतर पुष्कळ विचार केला.

पण तिनं जमवलं. कुणाच्या मदतीशिवाय. दीड-दोन महिन्यांत ती सावरली. काकू वरून हाका मारायच्या, "आजी, आज तवा नाही?" आणि आई ओरडून सांगायची, "तव्याला सुट्टी दिली, पगारी!"

आर्वीची छाती मात्र वाजतच राहिली.

मग त्या थंडीतला एक रविवार. वैशाली धुण्यासाठी कपडे वेगळे करत होती. आर्वीचा लोकरीचा स्वेटर तिनं सहज नाकाशी धरला आणि ती थांबली. पुन्हा वास घेतला. मी दारात उभा होतो. मला कळलं. आदल्या रात्री दुकानातून आलो तेव्हा आर्वी धावत येऊन बिलगली होती आणि मी तिला उचलून खांद्यावर घेतलं होतं. रोजच घ्यायचो.

"तंबाखूचा वास येतोय," वैशाली म्हणाली. माझ्याकडं बघून नाही; मोरीकडं बघून. तिथं आईचं दात घासायचं सामान असायचं. ती तिकडं गेली आणि एक लहान डबी घेऊन आली. माझ्याच दुकानातली, मलमाची रिकामी. आत काळी पूड.

वैशाली माझ्या आईला आत्या म्हणते. आवाज चढवून ती कधी बोलली नव्हती, तेव्हाही बोलली नाही. "आत्या, हे काय आहे?"

"करवंटीची राखुंडी हाय ती," आई म्हणाली. नारळाची करवंटी जाळून केलेली पूड. "बोटाला काळं लागल्याबिगर तोंड धुतल्यावानी वाटत न्हाई, म्हून केली."

"मग आर्वीच्या स्वेटरला वास कसला?"

"आता मला काय ठावं?"

वैशालीनं डबीतली पूड चिमटीत घेतली, बघितली. तिच्या माहेरी कुणी मिश्री लावत नाही. तिला काही कळेना. तिनं डबी माझ्यापुढं धरली. "अहो, तुम्ही सांगा. तुम्हाला कळेल."

आणि आईचा चेहरा एकदम मोकळा झाला. तो चेहरा मला विसरता येत नाही. ती म्हणाली, "व्हय, व्हय, बिराला दाव. त्येचं शिक्षानच त्ये हाय. त्यो सांगंल."

मी डबी घेतली. नाकाशी नेली.

आणि म्हणालो, मिश्री आहे.

आर्वी खाली बसून झाकणाशी खेळत होती. आई माझ्याकडं बघत राहिली. मला वाटलं, आता ती भांडेल, शपथ घेईल, आमच्या बिरोबाचं नाव घेईल. ती भांडायला कमी नव्हती. बाजारात मेंढराच्या भावावरून तिनं भल्याभल्या व्यापाऱ्यांना पळवून लावलेलं मी बघितलंय. पण ती एवढंच म्हणाली, "तू म्हनतूयास तर असंल बाबा."

चार-पाच दिवसांनी तिनं पिशवी भरली. वैशालीनं तिला जा म्हटलं नव्हतं, हे मला सांगितलं पाहिजे. उलट ती म्हणाली होती, आत्या, एकदा चुकलं, पुन्हा सोडा. आईच म्हणाली, "पोरीच्या जिवाशी खेळ नगं." कराडच्या स्टँडवर मीच तिला गाडीत बसवून दिलं. खिडकीतून तिनं सांगितलं, आर्वीला रात्री पायमोजे घाल. एसटी गेली आणि मी स्टँडच्या बाहेर येऊन सिगारेट पेटवली.

त्यानंतर वर्षभर ती आमच्याकडं आली नाही. सणाला आम्हीच सकाळी जाऊन संध्याकाळी परत यायचो, आणि तेवढ्या वेळात तिचं बोट कधी काळं दिसलं नाही. आणि ते वर्षभर आर्वीची छाती वाजतच होती. एकदा डॉक्टर गोंधळून म्हणाले, "आजी तर गावाला गेल्या ना? मग घरात अजून कोण?" वैशाली ठामपणे म्हणाली, "आता कुणीच नाही." मी वाफेचा मुखवटा आर्वीच्या तोंडाला धरून उभा होतो. तिच्या बरगड्या आत-बाहेर होताना माझ्या तळहाताला लागत होत्या. मी बाप आहे — एवढं कळायला मला वर्ष लागलं.

त्यानंतरच्या आठवड्यात दुकानाचा माल आणायला म्हणून सांगलीला गेलो आणि सरकारी दवाखान्यात तंबाखू सोडवण्यासाठी एक खोली असते, तिथं जाऊन बसलो. ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून कराडला गेलो नाही. तिथल्या मॅडम वयानं माझ्यापेक्षा लहान होत्या, पण नीट बोलल्या. एकदम सोडू नका, आधी तयारी करा, म्हणाल्या. दिवस ठरवा. कुठल्या वेळी, कुठल्या जागी हात खिशाकडं जातो ते बघून ठेवा. ती जागा बदला. तलफ आली की थोडा वेळ काढा, पाणी प्या, चालायला लागा. ती लाटेसारखी येते आणि ओसरते. गम कसा वापरायचा तेही त्यांनी सांगितलं — सावकाश चावायचा, तोंडात चरचरलं की गालाशी ठेवून द्यायचा. मला ते माहीत होतं. मी लोकांना तेच सांगून विकत होतो.

शेवटी त्या म्हणाल्या, "आणि घरच्यांना सांगा. लपवून ओढता येते, लपवून सोडता येत नाही."

सोमवार ठरवला. आधी जनरेटरच्या खोलीमागं रिकाम्या खोक्यांची थप्पी लावून टाकली, म्हणजे तिथं उभंच राहता येऊ नये. खिशात बडीशेप ठेवली. आणि रविवारी वैशालीला सांगितलं. वसतिगृहापासून सगळं सांगितलं. स्वेटरचा वास माझा होता, हेही सांगितलं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी दुकानात आली, भाजलेल्या जवसाची बरणी काउंटरवर ठेवली आणि म्हणाली, "खिशातली बडीशेप संपली असेल." आणि गेली. मला रडू आलं. गिऱ्हाईक समोर होतं, म्हणून ड्रॉवर उघडून सुट्टे पैसे शोधत बसलो.

ते दिवस अवघड होते, पण त्यांचं वर्णन करत नाही. माझ्या आईनं जे कुणाच्याही मदतीशिवाय केलं, तेच मी डॉक्टर, गम, जवस आणि बायकोच्या आधारानं केलं. झालं. सुटली.

आर्वीची छाती हळूहळू शांत झाली.

मग एका संध्याकाळी वैशाली कपड्यांच्या घड्या घालत होती. घड्या घालता घालताच म्हणाली, "स्वेटरचा वास तुमचा होता. मग आत्यांच्या डबीत काय होतं?"

आवाजात संशय नव्हता. खरंच विचारत होती.

आता तुम्ही मला सांगा, याहून चांगली वेळ कुठली होती? सिगारेटचं सांगून झालं होतं, तिनं माफ केलं होतं. एक वाक्य बोलायचं होतं. मी तोंड उघडलं — आणि म्हणालो, "मला तेव्हा मिश्रीच वाटली गं. सिगारेट ओढणाऱ्याचं नाक मरतं. वास नीट कळतच नाही. चूक झाली माझी."

हे शास्त्रानं खरं आहे. ओढणाऱ्याची वासाची जाणीव कमी होते. माझ्या शिक्षणाचा मी दुसऱ्यांदा असा उपयोग केला.

वैशालीनं कपाळाला हात लावला. "अरे देवा! म्हणजे आत्या खरं बोलत होत्या." आणि लगेच फोन लावून आईची माफी मागितली. स्पीकरवर. "आत्या, ह्यांचं नाकच काम करत नव्हतं हो!"

पलीकडून आई हसली. "त्येचं नाक ल्हानपनापासनं तसलंच हाय. सदा गळकं." मग विचारलं, "सोडली का त्येनं?" सोडली, असं वैशालीनं सांगितल्यावर म्हणाली, "लय बरं झालं."

तर ही ती गोष्ट. चूक झालेली नव्हती.

नाकाशी डबी नेली तेव्हा मला काय वास आला, ते लिहितो. जळक्या करवंटीचा. बाकी काही नाही. मिश्रीच्या वासात मी लहानाचा मोठा झालोय. आईच्या पदराला, आमच्या घोंगड्यांना तो वास असायचा. सोळा काय, पन्नास वर्षं सिगारेट ओढली असती तरी तो मी ओळखला असता. आणि वास घ्यायची तरी गरज कुठं होती? त्याच्या आदल्याच रविवारी मी गच्चीवर कपडे काढायला गेलो होतो. आई कोपऱ्यात विटांवर करवंट्या जाळत बसली होती. मीच विचारलं होतं, काय करतेस? तिनं सांगितलं होतं. मी म्हणालो होतो, चांगलं आहे की, याला पैसे पडत नाहीत.

ती पूड काय आहे हे घरात दोघांनाच पक्कं माहीत होतं — तिला आणि मला. म्हणूनच तर तिनं इतक्या मोकळ्या चेहऱ्यानं ती डबी माझ्या हातात येऊ दिली. मी परीक्षा करीन म्हणून नव्हे. मी साक्षीदार होतो, म्हणून.

तेव्हा मनात काय होतं? घाबरलो होतो. पूड करवंटीची आहे असं म्हटलं असतं, तर वैशालीनं स्वेटर पुन्हा नाकाशी धरला असता आणि मग माझ्याकडं बघितलं असतं. एवढंच. त्या एका नजरेच्या भीतीनं मी आईला खोटं ठरवलं.

गेल्या महिन्यात मी तिला परत आणायला गावी गेलो. जाताना गमची पाकिटं घेऊन गेलो — कशासाठी, ते मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं. वास घराबाहेरच आला. तंबाखू भाजल्याचा. आई उंबऱ्यावर बसली होती, बोट काळं, तोंड भरलेलं.

"लावतेस?" मी विचारलं.

ती थुंकून आली. "लावती की. जतच्या स्टँडवर उतरल्या उतरल्या पुडी घेतली. म्हटलं, लावत न्हाई म्हून सांगून तरी कुनाला पटतंय?"

रागानं म्हणाली नाही. पाऊस पडला म्हणावं तसं म्हणाली.

मी तिला गम दिला. कसा खायचा ते सांगितलं. तिनं दोनदा चावला आणि तोंड वाकडं केलं. "मिरची हाय का ह्येच्यात? आन् चावायचं बी न्हाई, थुकायचं बी न्हाई, गालात ठिवायचं? मग खायाचं कशाला रं?" वहिनी हसायला लागल्या. आप्पा मेंढरं कोंडून नुकताच आला होता, घोंगडं झटकत म्हणाला, "आरं बिरा, तिला काय सांगतूस? तुझ्यात ऱ्हाऊन बी चोरून लावायची की म्हातारी! गावात सगळ्यांस्नी ठावं हाय." आणि आईला चिडवत, "व्हय का न्हाई गं चोरटे?"

आईनं त्याला हातातली वाटी फेकून मारल्यासारखं केलं. "गप रं मुडद्या!" सगळे हसले.

वैशालीच्या फोनची गोष्ट आप्पाला माहीत नव्हती. आईनं सांगितली नव्हती. आईनं माझ्याकडं बघितलं — एकदाच, फार वेळ नाही. मी तिथंही बोललो नाही. हसलोसुद्धा बहुतेक.

तिला सगळं माहीत आहे का? जन्म तंबाखूत गेलेल्या बाईला मुलाच्या शर्टाचा सिगारेटचा वास आला नसेल? मुलानं गच्चीवर करवंट्या बघितलेल्या ती विसरली असेल? फोनवर ती हसली, ती खरंच हसली का? मला ठाऊक नाही. मी विचारलं नाही. विचारलं असतं, तर उत्तर ऐकावं लागलं असतं.

जेवणं झाल्यावर मी म्हणालो, चल माझ्याबरोबर, आर्वी वाट बघते. ती म्हणाली, "न्हाई रं. ह्ये घिऊन पोरीजवळ कशी येऊ? आन् आता न्हाई सुटायची माझ्याच्यानं. एकदा सुटली हुती."

एकदा सुटली होती. ती सोडली होती तिनं, आणि ती मी तिला परत लावली. माझी सुटली ती सगळ्यांना सांगितली. तिची सुटली होती, हे आमच्या घराबाहेर मलकापुरात कुणाला आठवत नाही आणि गावात कुणाला माहीत नाही. वरच्या काकूसुद्धा वैशालीला म्हणाल्या होत्या, म्हातारपणी सवयी सुटत नाहीत गं.

हे छापून आलं की वैशाली वाचेल. त्याआधी मी तिला सांगणार आहे, आज रात्रीच. ती काय म्हणेल ते म्हणेल.

आईला वाचता येत नाही. तिला तोंडानंच सांगावं लागेल, आणि एकटीला गाठून सांगायचं नाही, हे मी ठरवलंय. आधी आप्पाला आणि वहिनींना बोलावून घेईन. मग त्यांच्यासमोर सांगेन. चूक झाली, असं म्हणणार नाही. ती खरं बोलत होती, ते मला माहीत होतं आणि मी खोटं बोललो — एवढंच म्हणेन.